निनावी माणसांचा सहकार

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील एका लिपिकासाठी गेल्या सहा वर्षांत आम्ही सहकाऱ्यांनी तीन वेळा वर्गणी काढली. तिन्ही वेळा कारण एकच होते. रुग्णालयात दाखल होणे, एकवीस दिवसांनी तजेलदार चेहऱ्याने बाहेर येणे आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा पहिल्या जागी जाऊन पोहोचणे, असा तो फेरा होता. तिसऱ्या वेळी यादीवर सही करताना प्रस्तुत लेखकाच्या मनात एक अप्रशस्त विचार आला, तो कबूल केलेला बरा. हा पैसा आपण बुडीत खाती घालत आहोत, असे मला वाटले. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला खर्च आणि फलप्राप्ती यांचा हिशेब मांडण्याची खोड असते. परंतु त्या हिशेबात मी एक रकाना मोकळाच ठेवला होता, हे मला बऱ्याच उशिरा उमगले. रुग्णालयातील एकवीस दिवसांची किंमत आम्ही मोजली होती. बाविसाव्या दिवशी संध्याकाळी हा माणूस कोठे जाणार, कोणाजवळ बसणार, याची चौकशी आमच्यापैकी एकानेही केलेली नव्हती.

हा मोकळा रकाना ज्याने आपल्या आयुष्यात भरून दाखविला, तो माणूस योगायोगाने आर्थिक क्षेत्रातलाच होता. विल्यम ग्रिफिथ विल्सन हे त्याचे नाव. जगभर तो बिल या घरगुती नावाने आणि आडनावाच्या एका आद्याक्षराने ओळखला गेला. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’, म्हणजे लोकांच्या तोंडी नुसते ‘ए. ए.’, या संघटनेच्या दोन संस्थापकांपैकी तो एक. त्याला संत ठरविण्याचा मोह अनेकांना झाला आहे. तो संत नव्हता, आणि त्यामुळेच त्याचे चरित्र आपल्यासारख्यांच्या उपयोगाचे आहे.

त्याचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, ईस्ट डॉर्सेट नावाच्या खेड्यात झाला. संगमरवराच्या खाणींचा हा प्रदेश. वडील खाणीवर काम पाहत, आणि आजी जे लहानसे हॉटेल चालवी त्यात, मद्यपानगृहाच्या पाठीमागील खोलीत, या मुलाने पहिला श्वास घेतला. हा तपशील एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला बटबटीत म्हटले असते. तो दहा-अकरा वर्षांचा असताना आई-वडील विभक्त झाले. वडील दूर निघून गेले, आई वैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी बोस्टनला गेली, आणि बिल व त्याची बहीण आजोळी राहिली. आजोबांनी एकदा सहज म्हटले की, बूमरँग बनविणे ऑस्ट्रेलियातील माणसांखेरीज कोणाला जमत नाही. झाले! या मुलाने महिनोन्महिने दुसरे काही केले नाही. अखेर स्वतःच्या पलंगाची उशाकडील फळी कापून त्याने फेकल्यावर परत येणारे बूमरँग तयार केले. आपण पहिले असलो पाहिजे, नाही तर कोणीच नाही, हा त्याच्या स्वभावातील काटा तेव्हापासूनचा. पुढे १९१२ मध्ये शाळेतील त्याची प्रेयसी शस्त्रक्रियेनंतर अचानक वारली, आणि तेव्हा आलेल्या खोल औदासीन्याने त्याचा पाठलाग जन्मभर सोडला नाही.

पहिला पेला त्याच्या हाती आला तो १९१७ साली, लष्करात अधिकारी असताना, न्यू बेडफर्ड येथील एका श्रीमंत घरच्या मेजवानीत. हा खेडवळ, लाजरा तरुण त्या पेल्यानंतर एकाएकी इतरांच्या बरोबरीचा झाला. दारूने त्याला प्रथम काय दिले हे लक्षात घेतल्यावाचून तिने पुढे काय हिरावून नेले याचा उलगडा होत नाही, असे मला वाटते. व्यसनाविरुद्ध व्याख्याने देणारे आपण नेमका हाच भाग वगळतो. २४ जानेवारी १९१८ रोजी त्याने लोइस बर्नहॅम या ब्रुकलिनमधील डॉक्टरांच्या कन्येशी विवाह केला आणि तो फ्रान्सला युद्धावर गेला.

युद्धानंतरची त्याची कारकीर्द अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावी अशी आहे. दिवसा नोकरी आणि रात्री कायद्याचे महाविद्यालय असा क्रम त्याने चालविला. अभ्यासक्रम जवळजवळ पुरा झाला, परंतु पदवी काही हाती पडली नाही. दरम्यान त्याला एक कल्पना सुचली. लोक कंपन्यांचे समभाग ऐकीव गप्पांवर घेतात. त्याऐवजी प्रत्यक्ष कारखान्यापाशी जाऊन, यंत्रे पाहून, कामगारांशी बोलून कंपनीची खरी स्थिती कळविणारा माणूस असेल तर? आज ज्याला प्रतिभूती-विश्लेषण म्हणतात त्याचा हा आरंभकाळ होता. १९२५ साली ही दोघे जोडगाडी लावलेल्या मोटारसायकलवर तंबू, शेगडी आणि वित्तीय माहितीची जाडजूड पुस्तके लादून निघाली, आणि शेतांच्या कडेला मुक्काम करीत कारखान्यांमागून कारखाने पाहत फिरली. वॉल स्ट्रीटवरील दलालांना त्याच्या अहवालांची किंमत कळली. पैसा आला आणि त्याबरोबर दारूही वाढली.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ ही तेरा वर्षे दारूबंदी होती, आणि विल्सनच्या पिण्याचा सर्वांत भयंकर काळ नेमका तोच होता. आपल्याकडे मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत बंदी आली, चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदी असावी की नसावी, अबकारी उत्पन्नावर राज्याने किती विसंबावे, हे वाद महत्त्वाचे आहेत आणि आमच्या वर्गात ते दरवर्षी रंगतात. त्यात स्त्रियांचे जे अनुभवाचे बोल ऐकू येतात त्यांचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. परंतु ज्याचा देह एकदा दारूला विकला गेला आहे, त्याच्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, इतकेच.

ऑक्टोबर १९२९ मध्ये बाजार कोसळला आणि विल्सनही कोसळला. पुढे उभे राहण्याच्या एक-दोन संधी आल्या, त्या त्याने पिण्यात घालविल्या. नवरा-बायको ब्रुकलिनमध्ये क्लिंटन स्ट्रीटवरील सासऱ्यांच्या घरी येऊन राहिली. लोइस एका मोठ्या दुकानात नोकरी करी आणि घर चालवी. तो तिच्या पर्समधील पैसे चोरी. १९३३-३४ या काळात न्यूयॉर्कमधील टाउन्स रुग्णालयात तो चार वेळा दाखल झाला. तेथील डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला एक नवी गोष्ट सांगितली होती. हा दुबळ्या मनाचा किंवा वाईट चालीचा प्रश्न नसून आजार आहे. एक घोट पोटात गेला की अशा माणसाच्या शरीराला पुढचा घोट आवरत नाही. निदान अचूक होते आणि सहानुभूतीही खरी होती. तरीही विल्सन प्यालाच. कळते पण वळत नाही ही म्हण आपल्याकडे आहे. तिचा इतका क्लेशकारक दाखला क्वचित मिळेल.

नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी थॅचर नावाचा त्याचा जुना मित्र घरी आला. हा मित्रही अट्टल पिणारा. परंतु त्या दिवशी स्वयंपाकघरातील मेजावर विल्सनने पुढे केलेला पेला त्याने नाकारला. ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या धार्मिक चळवळीत त्याला आधार मिळाला होता. विल्सनचे देवाशी पटत नव्हते, परंतु समोर बसलेला माणूस शुद्धीवर होता हा पुरावा त्याला खोडता येईना. ११ डिसेंबर १९३४ रोजी तो चौथ्यांदा टाउन्स रुग्णालयात गेला. तेथे त्याला एक विलक्षण प्रकाशाचा अनुभव आला, असे तो पुढे सांगत असे. कोणी त्याला साक्षात्कार म्हणतात. त्या वेळी दिल्या जाणाऱ्या बेलाडोनायुक्त औषधांचा तो परिणाम असावा, असे कोणी म्हणतात. निवाडा करण्याचे आपल्याला कारण नाही. त्यानंतर तो कधी प्याला नाही, हे मात्र निर्विवाद आहे.

पण खरी कथा येथून पुढे सुरू होते. नव्याने सुधारलेल्या माणसाचा सर्व उत्साह घेऊन विल्सन दारुड्यांना सुधारावयास निघाला. त्यांना त्याने घरी आणले, जेवू घातले, आपला प्रकाशाचा अनुभव ऐकविला. पाच-सहा महिन्यांत एकही माणूस सुधारला नाही. डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला प्रवचन थांबवून आधी आजाराचे स्वरूप सांगण्याचा सल्ला दिला. लोइसने एक वेगळी गोष्ट त्याच्या नजरेस आणली. दुसरे कोणी सुधारले नसले तरी तो स्वतः या सर्व काळात प्यालेला नव्हता.

मे १९३५ मध्ये विल्सन ओहायो राज्यातील ॲक्रन या रबराच्या कारखान्यांच्या शहरी गेला. एका यंत्रनिर्मिती कंपनीचा ताबा मिळविण्यासाठी भागधारकांची मुखत्यारपत्रे गोळा करण्याची ती लढाई होती. ती तो हरला. सोबती परत गेले. खिशात जेमतेम दहा डॉलर उरले. शनिवारच्या संध्याकाळी मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात तो येरझाऱ्या घालू लागला. एका टोकाला मद्यगृह होते, आतून हसण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि शहरातील चर्चची यादी लावलेली होती. आपल्याला आता एखादा दारुडा सापडला नाही तर आपण पिणार, हे त्याला त्या क्षणी लख्ख दिसले. दारुड्याची गरज त्याला होती; दारुड्याला त्याची असो वा नसो! त्याने यादीतील एका धर्मगुरूंना फोन केला, आणि एकामागून एक दुवे जुळत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला. त्यांच्या परिचयात असा एक माणूस होता.

तो माणूस म्हणजे डॉ. रॉबर्ट होलब्रूक स्मिथ. वय पंचावन्न, पेशाने शल्यचिकित्सक, आणि हात थरथरू लागल्यामुळे पेशा जवळजवळ बुडालेला. मौज अशी की, हे डॉक्टर अडीच वर्षे ऑक्सफर्ड ग्रुपच्या बैठकांना नियमाने जात होते आणि नियमाने पीतही होते. म्हणजे संगत होती, सत्संग होता, सज्जनांची सदिच्छाही होती. नव्हता तो केवळ त्यांच्यासारखाच दुसरा एक माणूस. १२ मे रोजी, रविवारी, पाव तासाच्या वर थांबणार नाही असे बजावून ते आले आणि सहा तासांनी उठले. विल्सनने त्यांना उपदेश केला नाही. आपली हकीकत सांगितली, आणि आपण येथे स्वतःच्या बचावासाठी आलो आहोत हे सांगितले. उपकाराचे ओझे नसलेली अशी मदत डॉक्टरांना आयुष्यात प्रथमच मिळत होती. पुढे एका वैद्यकीय परिषदेसाठी अटलांटिक सिटीला गेले असता ते पुन्हा घसरले. परतल्यावर शस्त्रक्रियेच्या दिवशी हात स्थिर राहावा म्हणून सकाळी विल्सननेच त्यांना थोडी बिअर दिली; तीच त्यांची अखेरची. १० जून १९३५ हा तो दिवस ए. ए. चा स्थापनादिन मानला जातो. त्याच महिन्याच्या अखेरीस दोघे मिळून शहरातील रुग्णालयात तिसऱ्या माणसाकडे गेले. हा वकील होता, आणि नशेत परिचारिकांना मारहाण केल्यामुळे त्याला खाटेला बांधून ठेवले होते.

पुढचा विस्तार मी थोडक्यात उरकतो. परंतु पैशाचा भाग उरकता येणार नाही. १९३६ मध्ये टाउन्स रुग्णालयाच्या मालकाने विल्सनला तेथेच पगारी नोकरी आणि नफ्यात वाटा देऊ केला. घर गहाण पडलेले, बायको नोकरीवर. तो हरखून गेला. मंगळवारी संध्याकाळी क्लिंटन स्ट्रीटवरील घरी बैठक भरे, तेथे त्याने ही बातमी सांगितली. बसलेल्यांचे चेहरे उतरले. ज्या गोष्टीचा त्याला पगार मिळू लागेल ती गोष्ट मग आपल्याला त्याच्याकडून मिळणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. विल्सनने ते ऐकले आणि नोकरी नाकारली. माझ्या मते त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा क्षण प्रकाशाचा नव्हे, हा आहे. पहिले असल्याशिवाय ज्याला चैन पडत नसे, त्याने स्वतःच्याच दिवाणखान्यात, आपल्याच अन्नावर वाढलेल्या माणसांचा निर्णय मान्य केला.

नंतर तो जॉन डी. रॉकफेलर यांच्यापर्यंत पोहोचला. लाखोंची आशा होती. १९३८ मध्ये मिळाले पाच हजार डॉलर. अधिक पैशाने हे काम नासेल, असे त्या धनिकाचे मत होते. त्या रकमेतून डॉ. स्मिथ यांच्या घरावरील कर्ज फेडले गेले आणि उरलेल्यातून दोघांना काही काळ आठवड्याला तीस-तीस डॉलर मिळाले. एप्रिल १९३९ मध्ये संघटनेचे पुस्तक निघाले. त्यासाठी पंचवीस डॉलरचा एक असे भाग विकण्यात आले, आणि साडेतीन डॉलर ही त्या काळी जबर असलेली किंमत खरेदीदाराला खटकू नये म्हणून कागद मुद्दाम जाड वापरला! शेअर बाजारातला माणूस तो. ही खुबी त्याला सुचणारच. पण पुस्तक खपेना, आणि त्याच महिन्यात बँकेने क्लिंटन स्ट्रीटचे घर ताब्यात घेतले. पुढची दोन वर्षे ही दोघे मित्रांच्या घरी, आज येथे तर उद्या तेथे, अशी बिऱ्हाड पाठीवर घेऊन राहिली. मार्च १९४१ मध्ये एका खपाऊ साप्ताहिकात लेख आला आणि वर्षअखेर सभासद दोन हजारांवरून आठ हजारांवर गेले.

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो. ज्याला दारू सोडावयाची आहे त्याला कोणती संगत मानवेल? या प्रश्नाचे एकच उत्तर असते असे मानणाऱ्यांनी या संघटनेची पहिली पाच वर्षे पाहावीत. ऑक्सफर्ड ग्रुपचा कडक धार्मिक आग्रह न्यूयॉर्कच्या मंडळींना सोसेना. १९३७ मध्ये ती वेगळी झाली. क्लीव्हलंडमधील कॅथलिक सभासदांना त्यांच्या धर्मामुळे ऑक्सफर्ड ग्रुपच्या बैठकीला जाणे अवघड होते. तेव्हा मे १९३९ मध्ये क्लॅरेन्स स्नायडर याने नव्या पुस्तकाचेच नाव घेऊन स्वतंत्र गट काढला. पुस्तकातील बारा पायऱ्या लिहिल्या जात असताना नास्तिक सभासदांनी तक्रार केली, म्हणून ज्याला जसा उमजेल तसा देव, अशी सवलत मजकुरात आली. स्त्रिया या आजारात नसतातच असे आरंभीच्या पुरुषांना वाटे. मार्टी मान नावाची बाई १९३९ मध्ये क्लिंटन स्ट्रीटच्या बैठकीत येऊन बसली तेव्हा तो भ्रम फिटला. तरीही पुढे १९७५ च्या सुमारास अमेरिकेत केवळ स्त्रियांसाठी निराळी संघटना निघाली, आणि देवाचे नाव न घेणाऱ्या संघटनाही निघाल्या. दारुड्यांच्या घरच्या माणसांसाठी लोइसने १९५१ मध्ये ‘अल-अनॉन’ उभी केली. थोडक्यात, गट न मानवणे हा रुग्णाचा नतद्रष्टपणा नव्हे. ही चळवळ वाढली तीच मुळी गट न मानवलेल्यांमुळे.

हे मी आवर्जून लिहितो, कारण आमच्या त्या लिपिकाने एका बैठकीला जाऊन पुन्हा पाऊल टाकले नाही, तेव्हा आम्ही सर्वांनी त्याला दोष दिला. कारण पुढे कळले. त्या बैठकीत बहुतेक संभाषण इंग्रजीतून चाले, आणि तेथे त्याच्या साहेबांचे एक स्नेही बसलेले होते. दुसऱ्या टोकाच्या वस्तीत, एका शाळेच्या वर्गात, मराठी बोलणाऱ्यांची बैठक भरते. त्यात एक रिक्षाचालक आहे, एक निवृत्त पोलीस आहे. तेथे तो रमला. आपल्याकडे ए. ए. च्या बैठका गेल्या शतकाच्या सहाव्या दशकापासून मुंबईत सुरू झाल्या. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या आधारे १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ उभारले, तेव्हा बरे झालेल्या रुग्णांनी नव्या रुग्णांना हात देण्याची रीत तेथेही मुळाशी होती. घराजवळची एक बैठक नकोशी वाटली तर दुसरी, तिसरी पाहावी. भाषा, वेळ, माणसांचा थर, देवाचे प्रमाण हे सारे पाहून घ्यावे. आपण भिशीसुद्धा माणसे पाहून लावतो.

हे उपाय किती लागू पडतात? २०२० साली कॉक्रेन या संस्थेने सत्तावीस अभ्यासांचा, १०,५६५ व्यक्तींचा आढावा प्रसिद्ध केला. ए. ए. कडे पद्धतशीरपणे नेणाऱ्या उपचारांत वर्षाअखेर पूर्णपणे दारूमुक्त राहिलेले सुमारे ४२ टक्के, इतर मान्य उपचारांत ३५ टक्के. आणि खर्चही कमी. म्हणजे निम्म्याहून अधिकांना पुन्हा प्रयत्न करावा लागतो. हा आकडा मला तेव्हा ठाऊक असता तर वर्गणीच्या यादीवरील माझी सही अधिक स्वच्छ मनाने झाली असती.

उरली विल्सनची उत्तरकथा. गटांनी बाहेरच्या देणग्या घेऊ नयेत, मालमत्तेच्या व राजकारणाच्या भानगडीत पडू नये, वर्तमानपत्रांत सभासदाचे पूर्ण नाव येऊ नये, हे दंडक त्याने १९४६ मध्ये मांडले आणि १९५० मध्ये ते स्वीकारले गेले. बाल्टिमोरमध्ये १८४० साली सहा दारुड्यांनी सुरू केलेली ‘वॉशिंग्टनियन’ चळवळ लाखांवर जाऊन काही वर्षांत विस्कटली होती. वादांच्या आणि राजकारणाच्या त्या इतिहासाचा धडा त्यामागे होता. आपल्या सहकारी संस्थांचा इतिहास जाणणाऱ्यांना याचे मर्म निराळे सांगावयास नको. १९५४ मध्ये येल विद्यापीठाने देऊ केलेली सन्माननीय पदवी त्याने याच कारणासाठी नाकारली. ज्याची कायद्याची पदवी राहून गेली होती, त्याला हे किती जड गेले असेल! १९५५ मध्ये सेंट लुईसच्या अधिवेशनात त्याने सूत्रे सभासदांच्या हाती दिली.

दारू सुटली म्हणून दुःख सुटले नाही. १९४४ नंतर अनेक वर्षे औदासीन्याने त्याला ग्रासले. लोइसशी तो एकनिष्ठ राहिला नाही. १९५६ मध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याने एल. एस. डी. घेऊन पाहिले आणि सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. सिगारेट तर त्याला सोडवलीच नाही, आणि तिनेच फुप्फुसे निकामी केली. अखेरच्या आजारात, छत्तीस वर्षांच्या संयमानंतर, त्याने परिचारिकांकडे व्हिस्की मागितली. ती त्याला दिली गेली नाही.

२४ जानेवारी १९७१ रोजी, लग्नाच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, मायामी येथे तो वारला. दोन दिवसांनी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र आणि पूर्ण नाव पहिल्या पानावर छापून आले. निनावीपणाचे बंधन मृत्यूने संपले होते. ईस्ट डॉर्सेटच्या दफनभूमीत लोइसच्या शेजारी त्याचा दगड आहे. त्यावर नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि पहिल्या महायुद्धातील लष्करी हुद्दा इतकेच कोरलेले आहे. संघटनेचा उल्लेख नाही. येणारी-जाणारी माणसे आपापल्या दारूमुक्त वर्षांची पदके त्या दगडावर ठेवून जातात.